प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचं वर्ष : नळी, गळती, पीएसए आणि ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकरांसाठी)

सीमेवरची_सिस्टर

ऑपरेशन पार पडतं, पेशंट काही दिवसांत घरी येतो, आणि डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या वर्षाबद्दल चार ओळी असतात. त्याही इंग्रजीत. घरी मराठी, दवाखान्यात कन्नड, कागदावर इंग्रजी, मग बायको-मुलांनी काय समजायचं? म्हणून हा धागा. किस्से नकोत, करायचं काय आणि बिघडतं कुठं तेवढं लिहा.

आधी एक खुलासा. 'प्रोस्टेटचं ऑपरेशन' या एकाच नावाखाली आपल्याकडे दोन वेगळी ऑपरेशनं चालतात. वयानं वाढलेली ग्रंथी दुर्बिणीतून आतून खरवडतात ती टीयूआरपी. तिथं ग्रंथीचं कवच मागं राहतं. कॅन्सरसाठी करतात ती रॅडिकल प्रोस्टेटेक्टॉमी. तिच्यात पूर्ण ग्रंथी आणि वीर्यकोश काढून मूत्राशयाचं तोंड खालच्या मूत्रनळीला शिवतात. पोट उघडून करा, लॅप्रोस्कोपीनं करा नाहीतर रोबोटनं, आतली शिवण तीच. शेजारच्या काकांची नळी तिसऱ्या दिवशी निघाली, आमच्या अण्णांची का नाही, हा प्रश्न या घोळातूनच येतो. हा धागा दुसऱ्या ऑपरेशनचा.

लघवीसाठी घातलेली नळी (कॅथेटर) साधारण ७ ते १४ दिवस राहते. शिवलेला जोड तिच्याभोवती भरून येतो. म्हणून:

नळीला जोडलेली लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीला, पण जमिनीला न टेकवता. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, वजनानं नळी ओढली जाते. नळी मांडीला पट्टीनं अडकवा आणि वर थोडं सैल वळण ठेवा, म्हणजे कूस बदलताना ताण पट्टीवर येईल, आत नाही. एसटीत बसताना पिशवी वरच्या फळीवर किंवा मांडीवर ठेवलेली पुष्कळदा दिसते. लघवी उलटी आत जाते.

नळी जिथून बाहेर येते तिथं दिवसातून दोनदा साधा साबण आणि पाणी. हळद, डेटॉल, पावडर काही नको. थोडा रक्ताळ चिकट स्राव येतोच.

नळीच्या बाजूनं लघवी आली, विशेषतः संडासला बसल्यावर, तर बहुतेक वेळा मूत्राशयाचा पेटका असतो. पिशवीतही लघवी येत असेल तर घाबरू नका. पिशवीत काहीच नाही आणि ओटीपोट फुगतंय, असं झालं तर आधी नळी कुठं मुडपली आहे का बघा. तसं नसेल तर वाट न बघता हॉस्पिटल.

नळी चुकून निघून आली तर गावातल्या दवाखान्यात परत घालून घेऊ नका. कच्चा जोड फाटतो. ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलला फोन करून निघा. एरवी चांगले असलेले डॉक्टरही "मी घालतो की" म्हणतात, त्यांना हे ऑपरेशन कुठलं झालंय ते स्पष्ट सांगा.

बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, पण एनिमा किंवा गुदद्वारातून ठेवायची गोळी सहा आठवडे तरी नाही. गुदाशयाची भिंत त्या जोडाला अगदी लागून आहे. इसबगोल, पपई, भिजवलेले अंजीर, भरपूर पाणी, नाही जमलं तर डॉक्टरांना विचारून लॅक्ट्युलोज. उकिडवं बसायचा संडास असेल तर वरून ठेवायची कमोड खुर्ची आणा.

अंडकोशाची पिशवी सुजून काळीनिळी झाली तर बघणाऱ्यांचा जीव घाबरा होतो. आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. झोपताना खाली टॉवेलची गुंडाळी, फिरताना घट्ट चड्डी.

---

निपाणीकर

सिस्टर, नळी काढायच्या दिवशी काय काय घेऊन जायचं? आणि लगेच गाडीनं परत येता येतं काय?

---

सीमेवरची_सिस्टर

@निपाणीकर दादा, चिकटपट्टीचे मोठे डायपर ४-५, घट्ट बसणारी चड्डी (लेंग्याखालची सैल पट्ट्यापट्ट्यांची नव्हे, तिच्यात पॅड राहत नाही), एक जादा लेंगा, प्लास्टिकची पिशवी. सकाळी लवकर जा. नळी काढल्यावर दोन-तीनदा लघवी होईपर्यंत हॉस्पिटलच्या आवारातच थांबा. गळतीची भीती सगळ्यांना असते, पण त्या दिवशी लक्ष उलट्या गोष्टीकडं ठेवायचं. चार-सहा तास लघवी अजिबात झाली नाही आणि पोट ताणलं तर ती तुंबली आहे. कणकुंबीला पोचल्यावर हे कळलं तर रात्री परत यायला लागतं.

पहिले काही दिवस नळ सोडल्यासारखं गळू शकतं. याला ऑपरेशन फसलं म्हणत नाहीत.

---

पेल्विक_फिजिओ

गळती का होते ते समजलं तर व्यायाम नीट होतो. लघवी धरणारे झडपेसारखे दोन भाग असतात. वरचा मूत्राशयाच्या तोंडाशी आणि ग्रंथीत, तो आपोआप चालतो. ऑपरेशनमध्ये तो बराचसा जातो. उरतो खालचा, आपल्या इच्छेनं चालणारा स्नायू. आजवर जोडीदारासोबत करत होता ते काम त्याला आता एकट्याला करायचं असतं.

त्यामुळं सुधारणेचा क्रम ठरलेला आहे. आधी रात्र कोरडी होते, कारण आडवं पडल्यावर दाब नसतो. मग सकाळ. संध्याकाळ सगळ्यात शेवटी, कारण दिवसभरात स्नायू दमतो. "सकाळी बरा होतो, चारनंतर बिघडलं" ही तक्रार नव्हे, हा क्रमच आहे. बहुतेकांची गळती ३ ते १२ महिन्यांत बरीच आटोक्यात येते.

व्यायाम असा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवून. लिंग आत ओढून आखूड करायचंय आणि अंडकोश वर उचलायचाय, अशी ओढ आतून द्या. आरशासमोर उभं राहून बघितलं तर लिंगाचं मूळ किंचित आत जाताना आणि अंडकोश वर सरकताना दिसला पाहिजे. ते दिसत नसेल तर तुम्ही दुसरंच काहीतरी आवळताय. नुसतं 'वारा धरल्यासारखं करा' असं सांगितलं की पुरुष मागचाच भाग आवळतात, पुढचा तसाच राहतो.

सुरुवातीला ३ ते ५ सेकंद धरा, मग तेवढेच किंवा दुप्पट सेकंद पूर्ण सोडा. असे १०. त्यानंतर १० झटपट, आवळ-सोड. दिवसातून तीन वेळा. हळूहळू १० सेकंदांपर्यंत न्या आणि झोपून जमलं की बसून, मग उभं राहून. धरताना मोठ्यानं आकडे मोजा, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. पोट, मांड्या, कुल्ले सैल.

तीन चुका नेहमीच्या. श्वास कोंडून पोट बाहेर ढकलणं, त्यानं उलट गळतं. सोडण्याचा वेळ न देणं. आणि लवकर बरं व्हायचं म्हणून दिवसात दोनशे-तीनशे वेळा करणं. स्नायू दमतो आणि संध्याकाळी धो-धो.

नळी असताना हा व्यायाम करायचा नाही. ऑपरेशनच्या आधी तीन-चार आठवडे शिकून घेतला तर सर्वांत उत्तम.

---

घटप्रभेचा_पाहुणा

लघवी करता करता मधे तोडायची, हाच व्यायाम आमच्याकडं सगळे सांगतात. रोज प्रत्येक वेळी करावा ना?

---

पेल्विक_फिजिओ

@घटप्रभेचा_पाहुणा स्नायू सापडला का हे तपासायला एखाद्या वेळी ठीक. रोजची सवय लावली तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, मागं लघवी उरते, जंतुसंसर्गाला वाट मिळते.

त्यापेक्षा हे करा. खोकला, शिंक, उठणं, उचलणं, या प्रत्येकाच्या आधी एक सेकंद आवळा आणि काम होईपर्यंत धरा. आपल्याकडं गळायची ठरलेली जागा म्हणजे जेवून पाटावरून उठताना. मांडी सोडा, एका कुशीवर वळा, एक गुडघा टेका, हात खुर्चीवर ठेवा, *आवळा*, मग उठा. सरळ झटक्यानं उठलात की गेलंच.

आणि हो, या आवळायच्या व्यायामालाच केगल व्यायाम म्हणतात, आणि तो बायकांचा म्हणून लाजणारे बरेच आहेत. केगल अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ होते, १९४८ मध्ये त्यांनी हा व्यायाम बाळंत झालेल्या बायकांसाठी मांडला, एवढाच संबंध. तळाचा स्नायू पुरुषालाही आहे.

---

निपाणीकर

पाणी कमी प्यायलं की गळती कमी होते, हे तर सरळ गणित हाय. प्रवासाच्या दिवशी सगळे तेच करतात.

---

सीमेवरची_सिस्टर

गणित सरळ दिसतं, पण लघवी दाट होते, मूत्राशय चिडतं आणि वारंवार कळ येते. वास येतो तोही दाट लघवीचाच. वासाच्या धास्तीनं माणूस भजनाला, देवळात जायचं बंद करतो आणि पाणीही बंद करतो. दोन्ही चुकीच्या दिशेला. दिवसाला दीड ते दोन लिटर ठेवा, अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यात जास्त. संध्याकाळी सहा-सातनंतर कमी करा. कमी करायचं ते चहा-कॉफी. दिवसाला दोन कप पुष्कळ. दारूनं मूत्राशयावरचा ताबा सुटतो, पहिले काही महिने नकोच.

---

मलप्रभा

पॅडबद्दल. तालुक्याच्या मेडिकलमध्ये पुरुषांचे पुढच्या बाजूला बसणारे पॅड सहसा मिळत नाहीत, मागवावे लागतात. म्हणून लोक बायकांचे सॅनिटरी पॅड घेतात. ते रक्तासाठी बनवलेले असतात. लघवी एकदम आली की वरूनच वाहते आणि कातडी ओली राहते. जास्त गळती असताना चिकटपट्टीचा डायपर, मध्यम झाली की चड्डीसारखा ओढून घालायचा, नुसते थेंब उरले की छोटा पॅड. आत एक सुटा पॅड ठेवून तेवढाच बदलला तर मोठा डायपर दिवसभर पुरतो, पण आतल्या पॅडची खालची बाजू प्लास्टिकची असेल तर तिला चार चिरा द्या, नाहीतर लघवी खाली न उतरता कडेनं येते.

धुवायच्या कापडाच्या घड्या स्वस्त पडतात हे खरं. मात्र खानापूर भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत कापड वाळत नाही. ओलसर कापड लावलं की जांघेत गजकर्ण ठरलेलं. पावसाळ्यात विकतचेच वापरा, नाहीतर कापड इस्त्री करूनच लावा.

पॅड बदलताना साध्या पाण्यानं धुवा, टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइडचा पातळ थर द्या. पावडर नको, तिचे गोळे होऊन घासतं. खाज सुटून लाल चट्टे आले तर नुसतं क्लोट्रिमॅझोल चालतं. मेडिकलवाला जी 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब देतो तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग चट्टा मांडीभर पसरतो.

वापरलेले पॅड संडासात टाकू नका. कागदात गुंडाळून घंटागाडीला वेगळे द्या.

---

यूरोवाला

वरचं सगळं योग्य आहे. माझी एक मागणी आहे आणि ती प्रत्येक पेशंटला आहे: गळती मोजून या. तपासायला आलेला माणूस "जरा होतंय" म्हणतो. बायको बाहेर सांगते, रोज सहा डायपर. किती पॅड लागले हेही पुरेसं नाही. एक जण थेंबाला बदलतो, दुसरा ओथंबेपर्यंत ठेवतो.

स्वयंपाकघरात वापरतात तो एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. कोरड्या पॅडचं वजन लिहून ठेवा. २४ तासांत वापरलेले सगळे पॅड एका बंद पिशवीत जमा करा, वजन करा, कोरड्या पॅडांचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे एक मिली. महिन्यातून एकदा, नेहमीसारखं काम असलेल्या दिवशी. ४००, मग २५०, मग १२० असा आकडा उतरत असेल तर थांबायचं आणि व्यायाम चालू ठेवायचा. सहा महिन्यांनंतरही आकडा जिथल्या तिथं असेल तर पुढच्या उपायांची बोलणी सुरू करायची, ती वर्ष संपेपर्यंत ढकलायची गरज नाही.

दोन प्रकारची गळती वेगळी ओळखा. हालचालीबरोबर गळते ती स्नायूची. अचानक कळ येऊन संडासपर्यंत पोचेपर्यंत होते ती मूत्राशयाची, तिला मिराबेग्रॉन किंवा सोलिफेनॅसिनसारख्या गोळ्या असतात. पहिल्या प्रकाराला या गोळ्या देऊन उपयोग नाही.

आणि एक सापळा. गळती कमी होत आली होती, आता धार बारीक झाली, जोर द्यावा लागतो, थेंब थेंब चालूच राहतं. हे व्यायाम कमी पडल्यामुळं नाही. जोडाच्या जागी आकसलं आहे. पहिल्या वर्षात होतं, दुर्बिणीनं रुंद करता येतं. अशा वेळी जास्त आवळायला सांगणं चूक.

तातडीनं यायचं कधी: थंडी वाजून १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, लघवीत गुठळ्या किंवा घट्ट लाल रक्त (संडासनंतर गुलाबी झाक चालते, पाणी प्या), एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप. शेवटचे दोन रक्ताच्या गुठळीचे असू शकतात. म्हणूनच घरी आल्यावर पडून राहायचं नाही, तासातासाला चालायचं, आणि पोटात टोचायची इंजेक्शनं दिली असतील तर ती लिहिलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण करायची.

---

ऊसवाला_चिकोडी

डॉक्टर, शेतात कधी जायचं? तोडणीचा हंगाम कुणासाठी थांबत न्हाई.

---

यूरोवाला

बघायला जा की, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. उचलायला नाही. पहिले सहा आठवडे ४-५ किलोच्या वर काही नको. हिशोब बघा: युरियाचं पोतं ४५ किलो. डेअरीला न्यायची २० लिटरची दुधाची कॅन, २० किलोच्या वरच. पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप भरल्यावर तेवढाच. तीन महिन्यांपर्यंत यातलं काहीही नाही, नंतरही हळूहळू वाढवत. या ऑपरेशननंतर जांघेत हर्निया उतरण्याचं प्रमाण एरवीपेक्षा जास्त आहे. जांघेत फुगवटा दिसला तर दाखवा.

मोटरसायकल सहा आठवडे नको. सायकल आणि ट्रॅक्टरची सीट तीन महिने. दोन्हींत वजन नेमकं शिवलेल्या जागेच्या खाली येतं, आणि आपले पाणंद रस्ते तुम्हाला माहीत आहेत. यल्लम्माच्या डोंगराला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जायचा बेत असेल तर त्या वर्षी बसनं जा.

---

लॅबवाले_काका

पीएसएवर थोडं. पीएसए म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं, रक्तात मोजता येणारं प्रथिन. ग्रंथी पूर्ण काढल्यावर रक्तातलं पीएसए ओसरायला वेळ लागतो, दर दोन-तीन दिवसांनी निम्मं होतं. म्हणून पहिली तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी. पंधराव्या दिवशी घाईनं केली तर उगाच आकडा दिसतो आणि घर हादरतं.

त्यानंतर पहिलं वर्ष साधारण दर तीन महिन्यांनी, पुढं सहा महिन्यांनी, मग वर्षाला, तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणं. एकच लॅब ठेवा. एकदा बेळगावला, एकदा कोल्हापूरला, एकदा मिरजेला केलं तर यंत्रं वेगळी, आकडे जुळत नाहीत. एक लॅब '०.१ पेक्षा कमी' लिहिते, दुसरी ०.०३ छापते. दुसरा आकडा वाढलेला नाही, यंत्र बारीक मोजतं एवढंच. ०.२ किंवा जास्त आणि पुन्हा केलेल्या तपासणीतही तसंच, तेव्हा आजार रक्तात परत दिसू लागला असं धरतात. 'नॉर्मल ४ पर्यंत' हा रिपोर्टवरचा छापील मजकूर ग्रंथी असलेल्या माणसासाठी आहे. ग्रंथीच नाही तर ४ नॉर्मल कसं? नेमकं हे वाचून निवांत राहणारे आहेत.

तारीख, आकडा, लॅबचं नाव, असं वहीच्या एकाच पानावर लिहा.

---

यूरोवाला

काकांना जोडून. बायोप्सीचा नव्हे, ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट जपा. त्यात तीन गोष्टी बघायच्या: ग्लीसन, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा आकडा (३+४ आणि ४+३, दोन्ही सातच, पण दुसरा जास्त आक्रमक), कडा मोकळ्या की नाहीत, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कॅन्सर पोचला होता का, आणि आजार ग्रंथीबाहेर किंवा वीर्यकोशात गेला होता का. दुसरं मत घ्यायला मुंबईला टाटाला किंवा मिरजेला जाणार असाल तर नुसता कागद नेऊ नका, काढलेल्या ग्रंथीचे नमुने, म्हणजे काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक, हॉस्पिटलकडून मागून घ्या. ते न्यायचा तुम्हाला हक्क आहे.

कडा मोकळी नाही म्हटल्यावर लोक दुसऱ्या दिवशी रेडिएशन मागतात. २०२० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या रॅडिकल्स नावाच्या चाचणीत, सगळ्यांना लगेच रेडिएशन देण्यापेक्षा पीएसएवर नजर ठेवून ते वाढू लागताच देणं बहुतेकांना तेवढंच चाललं, आणि लगेच दिलेल्यांत लघवीचा त्रास जास्त होता. म्हणजे गळती आटोक्यात यायला वेळ मिळतो. मात्र नजर ठेवायची म्हणजे खरोखर ठेवायची. ०.५ च्या पुढं जाईपर्यंत थांबणं परवडत नाही.

---

शहापूरची_वैनी

एक विचारायचं होतं. घरातल्या माणसांसमोर डॉक्टरांना विचारता येत नाही, आणि हे स्वतः तर तोंड उघडत नाहीत. नवरा-बायकोचं म्हणून जे असतं ते संपतं का?

---

सीमेवरची_सिस्टर

वैनी, बरं झालं विचारलंत. हाच भाग डिस्चार्जच्या कागदावर कधीच नसतो.

संपत नाही, बदलतं. ग्रंथी आणि वीर्यकोश नसल्यामुळं वीर्य बाहेर येणार नाही, कायमचं. सुखाची जाणीव मात्र राहते, कारण तिच्या नसा वेगळ्या आहेत. त्या क्षणी थोडी लघवी येऊ शकते. आधी लघवी करून घ्या, टॉवेल अंथरा, कंडोम वापरा. लघवीनं जोडीदाराला अपाय होत नाही. कॅन्सर संसर्गानं लागत नाही, हेही सांगते, कारण विचारलं जातं.

ताठरतेचं डॉक्टर सांगतील.

---

यूरोवाला

ताठरतेच्या नसा ग्रंथीच्या दोन्ही कडांना चिकटून जातात. त्या नेमक्या कुठून जातात हे बघून त्या वाचवायचं ऑपरेशन अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये केलं. त्याआधी हा प्रश्नच सोडून दिलेला असायचा. आज आजार कडेला नसेल तर एक किंवा दोन्ही बाजू वाचवतात. तुमच्या ऑपरेशनच्या नोंदीत ते लिहिलेलं असतं, विचारा. वाचवलेल्या नसाही ओढाताणीनं गप्प होतात आणि जाग यायला ६ महिन्यांपासून २ वर्षांपर्यंत लागतात. साठीच्या आतला, मधुमेह नसलेला, आधी ताठरता चांगली असलेला माणूस लवकर सुधारतो.

दरम्यान सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल दिलं जातं. सिल्डेनाफिल रिकाम्या पोटी, तासभर आधी. तेलकट जेवणावर घेतलं तर चालत नाही, आणि 'गोळी फेल गेली' म्हणणाऱ्यांतले कितीतरी असेच. हृदयासाठी सॉर्बिट्रेट किंवा कुठलंही नायट्रेट चालू असेल तर या गोळ्या नाहीत म्हणजे नाहीत. रक्तदाब कोसळतो. आठवडी बाजारात 'ताकदीची' पुडी मिळते, तिच्यात बऱ्याचदा हीच गोळी कुटून घातलेली असते, म्हणून हृदयाच्या पेशंटला तीही तितकीच घातक.

गोळीनं नाही झालं तर निर्वात पंप. नळकांडं लावायचं, हवा काढायची, मुळाशी रिंग चढवायची, रिंग ३० मिनिटांच्या वर नाही. त्यापुढं लिंगात घ्यायचं इंजेक्शन, पहिला डोस दवाखान्यातच. ताठरता ४ तासांच्या वर टिकली तर थेट हॉस्पिटल, लाज बाळगून सकाळपर्यंत थांबलात तर आतला भाग कायमचा खराब होतो. सगळं करून झालं तर इम्प्लांट असतं.

वैनी, पुढच्या वेळी दोघं मिळून या आणि मुलाला बाहेर बसवा. प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिला तरी चालतो.

---

योजना_मदत

पैशाचं थोडक्यात. कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक आहे. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. तातडीची केस नसेल तर सरकारी हॉस्पिटलचं रेफरल पत्र आधी लागतं. थेट खासगीत भरती होऊन मागून कागद जमवायला गेलात तर अडतं. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. आपलं गाव यादीत आहे का आणि ते हॉस्पिटल ती घेतं का, हे भरतीच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राकडून पक्कं करा. निर्णय झाला म्हणून काउंटरवर चालतंच असं धरू नका. पॅड-डायपरचा खर्च मात्र खिशातून जाणार, तो बजेटमध्ये धरा.

रेल्वेत उपचाराला किंवा तपासणीला जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण सवलत, सोबतच्या एकाला ७५ टक्के. ठरलेल्या नमुन्यात हॉस्पिटलचा दाखला लागतो, तपासणीला गेलात की पुढच्या फेरीचाही भरून घ्या.

---

घटप्रभेचा_पाहुणा

वर्ष झालं तरी गळती थांबत नसेल तर ऑपरेशन असतं म्हणतात. खरं का? आणि क्लिप मिळते ती लावावी का?

---

यूरोवाला

क्लिप म्हणजे लिंगावर लावायचा चिमटा. लग्नकार्याला, प्रवासाला दोन तास ठीक. दर दोन तासांनी सोडायचा, रात्री कधीच नाही, आणि मधुमेहानं संवेदना कमी झालेल्यांनी अजिबात नाही. दुखतंय हे कळतच नाही आणि कातडी काळी पडते. कंडोम-नळी आणि पायाला बांधायची पिशवी त्यापेक्षा बरी, फक्त मापाची घ्या आणि रोज बदला.

ऑपरेशन दोन. गळती कमी-मध्यम असेल तर स्लिंग, म्हणजे जाळीची पट्टी मूत्रनळीला खालून आधार देते. ४०० ग्रॅमच्या वर असेल किंवा रेडिएशन झालं असेल तर पट्टी सहसा पुरत नाही, कृत्रिम स्फिंक्टर लागतो. त्याचे तीन भाग: मूत्रनळीभोवती पाण्यानं भरलेला पट्टा, पोटात फुगा, अंडकोशात पंप. लघवीला जायचं तेव्हा पंप दाबायचा, पट्टा सैल होतो, दोन-तीन मिनिटांत आपोआप परत भरतो. बसवल्यावर साधारण सहा आठवडे तो बंदच ठेवतात, तोवर गळती तशीच राहते, हे आधीच सांगून ठेवा. खर्च लाखांत आहे, आणि काही वर्षांनी बदलावा लागू शकतो. हाताची बोटं नीट चालत असतील, समज शाबूत असेल तरच.

तो बसवलेल्या माणसाला पुढं कधीही, कुठल्याही कारणानं, अगदी अपघात विभागातसुद्धा, लघवीची नळी घालायच्या आधी पट्टा सैल करून पंप बंद करावा लागतो. तसं न करता नळी घातली तर पट्टा मूत्रनळीला कापत जातो. म्हणून पाकिटात कार्ड ठेवा, मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, आणि घरातल्या दोघांना तरी पंप बंद कसा करतात ते दाखवून ठेवा.